गिअरबॉक्स घुमतो

आरसेबुवांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे दोष काढले आणि त्याबद्दल पगार घेतला. विमा कंपनीत सर्वेअर होते ते. ठोकलेली, बुडालेली, जळालेली किंवा भरपाईच्या आशेने मालकानेच खड्ड्यात घातलेली गाडी आली की हे हातभर काठीला बांधलेला वाटोळा आरसा घेऊन तिच्याखाली सरकत. त्या आरशावरून हे नाव पडलं. खरं नाव पूर्वी पगारपत्रकावर असे, आता पेन्शनच्या कागदावर असतं. हाक मारायला ते कुणी वापरलं नाही. बायको ‘अहो’ म्हणायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ‘अहो’चाही खप थांबला.

मुलगा विमानाने सात तासांच्या अंतरावर. त्याचा फोन रविवारी सकाळी यायचा. खाल्लंत का, औषध घेतलंत का, गुडघा कसा आहे, बरं मग ठेवू? बुवांना नोंदी ठेवायची जुनी खोड. फोन झाला की वहीत तारीख घालायची आणि पुढे मिनिटं लिहायची. चार, चार, तीन, चार, पाच. पाच झाली त्या रविवारी नातीचा दात पडला होता. दात काही दर आठवड्याला पडत नाहीत.

मग एका रविवारी मुलाने सांगितलं की येत्या मोठ्या सुट्टीत ते सगळे येणार आहेत, चांगले महिनाभर. सगळे म्हणजे तो, सूनबाई, नातू, नात आणि सूनबाईंच्या बॅगा. मागच्या वेळी, आईच्या दिवसांना आले होते तेव्हा, ही सगळी वरात बुवांच्या आगपेटीएवढ्या गाडीत कोंबली होती. मुलाचे गुडघे हनुवटीला, नात आईच्या मांडीवर, आणि नातवाने एका वळणावर आजोबांच्या टोपीत सकाळचं सगळं दूध परत केलेलं. विमानतळावर निरोप घेताना सूनबाई एवढंच म्हणाल्या होत्या की पुढच्या वेळी जरा मोठी गाडी बघा हं बाबा. त्या ‘हं’चं वजन बुवांनी बरोबर जोखलं होतं. ती आगपेटी त्यानंतर वर्षभरात भंगारात गेली.

तेव्हा मोठी गाडी घेणं आलं. डोंगर चढणारी, छाती फुगवलेली नको. साधी, लांब पाठीची, मागे बॅगा आडव्या मावतील अशी, जिला काही लोक स्टेशन वॅगन म्हणतात. रक्कम बुवांनी बाजूला काढून ठेवलेलीच होती आणि ती वाढणार नव्हती. पण मुलाच्या डोक्यात भलतंच निघालं. तो म्हणाला, आम्ही असणार एक महिना, उरलेले अकरा महिने ती आगगाडी तुम्ही एकटे ओढणार का? त्याच पैशात एक छोटीशी, मजेची पण बसवा. दोन सीटची. वरचा टप उघडणारी. बुवा म्हणाले, या वयात टप उघडून हिंडलो तर लोक म्हणतील म्हातारा चळला. मुलगा म्हणाला, मग जरा चळा की, आयुष्यभर सरळच चाललात. यावर बुवा फोनवर मोठ्याने हसले. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांचंच हसू त्यांना जरा परकं वाटलं.

असं ठरलं: रुपयातले बारा आणे कुटुंबाच्या गाडीला, चार आणे मजेला. आणि त्या वाटणीतच सगळी गंमत होती. मोठी एक आण्याने महागली की छोटीच्या टपाला भोक पडायचं. छोटी जरा बरी मिळाली की मोठी आणखी दोन वर्षं जुनी होऊन जायची. या ओढाताणीवर बोलावं तितकं थोडं. रविवारचा फोन बुधवारी पण यायला लागला. बावीस मिनिटं. अडतीस. एकदा तर एक्कावन्न; त्यात पहिली दहा नुसत्या मागच्या दारावर, की ते वर उघडणारं असावं की बाजूला.

मुलगा नऊ वर्षांचा असताना सुट्टीत बुवांबरोबर सर्वेला जायचा. बुवा गाडीखाली, हा बाहेर पालथा पडून टॉर्च धरायचा. बाबा, इथे? थोडा वर. आता बुवा एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात फोन धरून गाडीखाली सरकत, आणि सात तासांवरून आवाज येई, “बाबा, जरा डावीकडे. अजून. हां, ते ओलं काय दिसतंय?” गुडघा कसा आहे, हे विचारायचं त्याला हल्ली सुचत नसे, आणि बुवांच्या मते गुडघ्याला इतका आराम कशानेच पडला नव्हता.

चार महिन्यांत बुवांनी सात गाड्या नापास केल्या. पहिलीत जादा चाकाच्या खळग्यात पाण्याची रेघ होती, म्हणजे ती कुठल्यातरी पुरात पोहून आलेली. दुसरीच्या मीटरवर प्रवास थोडका, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. तिसरी तर दोन गाड्यांची अर्धी अर्धी अंगं जोडून बनवलेली होती. इथवर सगळं रीतसर. चौथीचा आतला दिवा मंद होता. पाचवीच्या एका काचेला चालताना बारीक कंप होता. सहावीचा रंग उन्हात वेगळा दिसायचा. सातवीत काय होतं ते बुवांना आता आठवतही नाही. दोष बारीक होत गेले आणि फोन लांबत गेले. वहीत हे दोन रकाने शेजारी शेजारी होते. दुसऱ्या कुणाची वही असती तर बुवांनी पहिल्याच पानावर चोर पकडला असता.

बहुतेक गाड्या एकाच यार्डातल्या. टायरच्या दुकानामागे मोकळी जागा, पत्र्याची केबिन, काचांवर चुन्याने किमती लिहिलेल्या गाड्यांच्या रांगा. यार्ड चालवायच्या एक चाळिशीच्या बाई. वडिलांकडून त्यांनी ते हातात घेतलं होतं. बाईंची जीभ गिऱ्हाइकाप्रमाणे तेज-मंद होई, आणि बुवांसाठी त्यांनी खास धार लावून ठेवली होती. काका, गाडी घ्यायला येता की स्थळ बघायला? सात नकार झाले. आता गाड्याच तुम्हाला नकार द्यायला लागतील.

आठवी आली ती राखाडी. नऊ वर्षांची, लांब पाठीची, एकच मालक. बुवा खाली सरकले, वर आले, इंजिनात डोकावले, आरसा फिरवला, पुन्हा सरकले. काही सापडेना. तेलाचा थेंब नाही, गंज नाही, सर्व्हिसच्या पुस्तकात शिक्के एकाखाली एक. चालवून पाहिली तर लोण्यातून सुरी गेल्यासारखे गिअर पडत होते. किंमत नेमकी बारा आणे. आणि पुढच्याच रांगेत एक लाल, दोन सीटची, टपवाली उभी होती. तिच्या काचेवर नेमके चार आणे. म्हणजे चार महिन्यांचं काम त्या सकाळी अकराच्या आत संपत होतं. जमाखर्च पहिल्याच फटक्यात जुळावा आणि कारकुनाने घड्याळ बघावं तर कचेरी सुटायला अख्खा दिवस बाकी, तसं बुवांना झालं.

सवयीने ते मागच्या सीटवर जाऊन बसले. मालक काहीही सांगो, सीट काय सांगते ते बघायचं, हा त्यांचा धंद्यातला शिरस्ता. चालकाच्या सीटची कड झिजली होती, तिथे रोज कुणीतरी चढलं-उतरलं होतं. मागच्या कापडाची लव मात्र अजून उभी होती. त्यांनी पट्टा ओढला. तो कुरकुरत बाहेर आला, आणि त्यावर कारखान्यातली घडी तशीच होती. दुसरा ओढला, तिसरा ओढला. तिन्हींवर घडी. मागे सामानाला बांधायची जाळी तिच्या पिशवीतून कुणी काढलीच नव्हती.

बाईंनी सांगितलं की एका निवृत्त मुख्याध्यापिकेची गाडी. दोन मुली, चार नातवंडं, सगळी येणार म्हणून घेतली होती. बाजारहाट तिच्यातूनच करायच्या. परवा स्वतः चालवत यार्डात आल्या, किल्ली ठेवली आणि बसने गेल्या.

फोन चालूच होता. मुलाने विचारलं, “बाबा, काय म्हणते गाडी?”

बुवांच्या हातात पट्टा होता. त्यांनी तो सोडला. तो हळूहळू, नाखुशीने आत गेला.

“गिअरबॉक्स घुमतो,” बुवा म्हणाले.

“कितव्यात?”

“तिसऱ्यात.”

मुलगा लगेच म्हणाला की मग राहू द्या, गिअरबॉक्सशी खेळ नको, दुसरी बघू. त्यानंतर गिअरबॉक्स या विषयावर चव्वेचाळीस मिनिटं बोलणं झालं. घरी येऊन बुवांनी वहीत शेरा लिहिला: गिअरबॉक्स घुमतो. मग बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत बसले. एकतीस वर्षांत लोकांनी त्यांना पाकिटं दाखवली होती, मिठाईचे खोके घरी पाठवले होते, एकाने तर जमिनीचा तुकडा देऊ केला होता. बुवांचं पेन कधी वाकडं गेलं नाही. आज गेलं, आणि तेही चव्वेचाळीस मिनिटांना. ज्यांना नाही म्हटलं होतं त्यांना हा भाव कळला असता तर ते रडले असते.

बुधवारी फोन आला नाही. बुवांनी संध्याकाळी पाच वाजल्यापासून फोन टेबलावर, समोर, चष्म्याच्या घरापाशी ठेवला होता. सातला त्यांनी तो उचलून घंटी बंद तर नाही ना, हे पाहिलं. आठला एका माणसाचा भात लावला. एका माणसाचा भात लावायला अजून त्यांना नीट जमत नसे. तो नेहमी दीड माणसाचा व्हायचा.

गुरुवारी फोन वाजला तो बाईंचा. म्हणाल्या, माझ्या गाडीची बदनामी केलीत ती निस्तरायला या. झालं होतं असं की मुलाने सोमवारीच यार्डात फोन केला होता. गिअरबॉक्स आम्ही आमच्या खर्चाने दुरुस्त केला तर किंमत किती उतरवाल, असं त्याने विचारलं. बाबांना सांगू नका, फरक मी भरतो, असंही म्हणाला. बाईंनी त्याला सरळ सांगितलं की त्या गिअरबॉक्समध्ये आवाज निघाला तर मी यार्ड विकून भाजी विकायला बसेन.

बुवा गेले. बाईंनी राखाडी गाडी बाहेर काढली, त्यांना शेजारी बसवलं, काचा चढवल्या आणि मोठ्या रस्त्याला लागल्या. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात त्यांनी गाडी तशीच ठेवली, चांगली पाच मिनिटं. शांतता इतकी की बुवांना स्वतःचं घड्याळ ऐकू येत होतं.

“ऐकवा आता,” बाई म्हणाल्या.

बुवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाईंनी चौथा टाकला. थोड्या वेळाने, रस्त्याकडेच बघत, नेहमीची धार बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “माझे वडील घरी बसल्यावर रोज रात्री फोन करायचे. यार्डाला कुलूप लावलंस का म्हणून. काका, यार्डाला कुलूपच नाहीये. कधी नव्हतं. त्यांनीच कधी लावलं नाही. मी रोज हो म्हणायचे.”

यार्डात परतल्यावर बुवांनी कोरा कागद मागून घेतला. केबिनीत बसून, कंपनीत लिहायचे तशा रीतसर बारा कलमांत, राखाडी गाडीचा अहवाल लिहिला. गिअरबॉक्स: निर्दोष. खाली सही, तारीख. बाईंनी तो काचेला आतून चिकटवला. घरी आल्यावर बुवांनी वहीतला शेरा खोडला; खाडाखोड न करता, नियमाप्रमाणे एकच रेघ, वाचता येईल अशी, आणि शेजारी आद्याक्षरं.

रविवारी फोन आला. खाल्लंत का? खाल्लं. औषध? घेतलं. गुडघा? आहे. चौथा प्रश्न येईना. बुवांनी ठरवून ठेवलेली वाक्यं होती, पण ती सर्वे रिपोर्टासारखी कलमवार होती आणि पहिलंच कलम तोंडातून निघेना.

शेवटी मुलगाच म्हणाला, “बाबा, त्या गिअरबॉक्सचं.”

“हो.”

“मी रागावलो नाहीये.” त्याच्याकडे मागे कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. “माझी सुट्टी मंजूर झाली नाही. दोन महिने झाले. गाडी ठरली असती तर सांगावं लागलं असतं. मग वाटलं, निदान गाडी तरी मिळवून देऊ आणि सांगून टाकू, म्हणून यार्डात फोन केला.”

बुवांनी वहीतले मागचे दोन महिने डोळ्यासमोर आणले. मागच्या दाराची दहा मिनिटं. मंद दिवा, थरथरणारी काच, उन्हात वेगळा दिसणारा रंग. प्रत्येक वेळी मुलगा किती चटकन म्हणाला होता, मग सोडा, दुसरी बघू. इतकी वर्षं टॉर्च धरलेला पोरगा. मंद दिव्यासाठी कुणी गाडी सोडत नाही, हे त्याला कळत नव्हतं थोडंच.

“म्हणजे दिवा मंद आहे ते तुला पटलं नव्हतं,” बुवा म्हणाले.

“दहा रुपयांचा दिवा असतो तो, बाबा.”

मुलगा म्हणाला, तुम्हीच या ना इकडे. बुवा म्हणाले, बघू. ते एकदा जाऊन आले होते. सकाळी आठला चौघं चार दिशांना बाहेर पडायची, आणि बुवा संध्याकाळपर्यंत समोरच्या घराच्या कुंपणाच्या फळ्या मोजायचे. एकशे अठरा होत्या. त्या पाच आठवड्यांत सूनबाई वाकड्या शब्दाने बोलल्या नव्हत्या, आणि निघताना दोन्ही बाजूंना हायसं वाटलं होतं. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून ‘बघू’वरच मिटलं. फोन नऊ मिनिटांचा झाला. बुवांनी वहीत लिहिला नाही.

पुढच्या शनिवारी ते यार्डात गेले तेव्हा राखाडी गाडी जात होती. तीन मुलांचं जोडपं होतं. बाप काचेवरचा अहवाल बोट लावून वाचत होता, आई मागच्या दारात बॅगांचं माप घेत होती, आणि तिन्ही पोरं आत घुसून पट्टे ओढून सोडत होती, फटाफट. बुवा जवळ गेले आणि म्हणाले की हळू रे, नवे आहेत ते. पोरांच्या बापाने हसून सांगितलं, आजोबा, नऊ वर्षांची गाडी आहे. बुवा म्हणाले, गाडी नऊ वर्षांची, पट्टे नवे. ते जाईपर्यंत उभे राहिले. मागच्या काचेतून तीन डोकी दिसली, नंतर दिसेनाशी झाली.

मग ते वळले आणि लाल गाडीखाली सरकले. खरंतर नुसतेच, हात रिकामा राहू नये म्हणून. आरसा फिरवला आणि थांबले. शेजारच्या सीटखाली तळाला तळहाताएवढं भोक होतं. गंज कडेने आत गेलेला. टपाची शिवण दोन जागी उसवलेली, ती तर खाली सरकतानाच दिसली होती. हँडब्रेकची तार पुढच्या पावसाळ्यापर्यंत जेमतेम टिकेल अशी. त्यांनी फोन लावला. रविवार नव्हता, बुधवारही नव्हता, त्यामुळे मुलाने घाबरूनच उचलला. काही नाही रे, म्हणून बुवांनी फोन गाडीखाली धरला.

“अजून आत घ्या,” मुलगा म्हणाला. मग, “अरे बापरे. बाबा, हे खरं आहे ना?”

“बोट घालून दाखवू?”

“सोडा ही. हिला लगेच नाही म्हणा.”

बुवा तसेच पाठीवर पडून राहिले. वर गंजाच्या भोकातून सीटचा काथ्या दिसत होता. त्यांनी विचारलं, “हे भोक बुजवायला किती दिवस लागतील तुझ्या मते?”

“म्हणजे पत्रा कापायचा, जोडायचा, घासायचा... घाई नाही केली तर सहा महिने.”

“टप?”

मुलगा म्हणाला, “टपाला तर वर्ष लागेल बाबा. नीट करायचा तर.”

“घाई कुणाला आहे?” बुवा म्हणाले.

बाईंनी त्यांना वेड्यात काढलं. आठ चांगल्या गाड्यांना नाकं मुरडली, आणि घेतली ती भोकाची. तरी त्यांनी चार आण्यातला एक पैसा कमी केला नाही, आणि बुवांनी मागितलाही नाही. बारा आणे बँकेत तसेच राहिले. त्या ठेवीच्या पावतीवर बुवांनी चार महिन्यांपूर्वी पेन्सिलीने ‘कुटुंब’ असं लिहून ठेवलं होतं, ते त्यांनी खोडलं नाही.

टप उघडा टाकून ते घरी निघाले. चौकात एक बस शेजारी येऊन थांबली, तिच्यातल्या दोन बायकांनी खाली त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. सीटवर काठीचा आरसा ठेवलेला होता. गाडी वळली की तो घरंगळून खाली पडायचा, नेमका भोकापाशी. पहिल्या वळणाला बुवांनी वाकून उचलला. दुसऱ्या वळणाला पुन्हा पडला, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली, आरसा सीटवर उभा टेकवला आणि त्याला पट्टा लावला.